एकाहत्तर एक

१

राजाराम सकपाळ गुरुजींनी पंचवीस वर्षं एकाच संख्येला भाग लावायचा प्रयत्न केला.

संख्या लिहायला अगदी सोपी. एक हा आकडा, एकापुढे एक, एकाहत्तर वेळा. १९५७ साली देवरूखजवळच्या आमच्या गावच्या शाळेत चौथीच्या परीक्षेवर पहारा करताना कंटाळून त्यांनी कोऱ्या कागदाच्या कडेने एक, एक, एक असे लिहीत नेले आणि कागद संपल्यावर मोजले. एकाहत्तर भरले. हिला कशाने भाग जातो ते पाहावं म्हणून त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. ते जे काढलं ते काढलंच.

मी तेव्हा बिगरीत होते. पुढे गुरुजींनीच मला गणित शिकवलं, शिष्यवृत्तीला बसवलं. 'पोरीला पुढे शिकवून काय करायचंय' म्हणणाऱ्या माझ्या मामांना त्यांनी घरी येऊन समजावलं. १९८२ साली मी रत्नागिरीच्या कॉलेजात गणित शिकवत होते आणि परटवण्याला दोन खोल्या भाड्याने घेऊन आईबरोबर राहत होते. गुरुजीही निवृत्त होऊन रत्नागिरीतच, नाचणे गावाच्या रस्त्याला, घर बांधून राहिले होते. पुढे पडवी, आत एक खोली, मागे स्वयंपाकघर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मूलबाळ नव्हतं. गुरुजी आणि चंपाकाकी, दोघंच.

त्या संख्येबद्दल त्यांनी मुंबईच्या एका प्राध्यापकांना पत्र घातलं होतं. १९७४ साली उत्तर आलं. संख्या मूळ नाही, संयुक्त आहे, हे यंत्रावर तपासून सिद्ध झालं आहे. मात्र तिचा एकही अवयव अजून कोणाला सापडलेला नाही. वर्गात मुलं विचारायची, गुरुजी, कशाने भाग जातो ते ठाऊक नसताना भाग जातो हे कसं कळतं? गुरुजी म्हणायचे, "बंद घरात दोघं जण आहेत हे बाहेरून कळतं रे. कोण आहेत ते कळत नाही. दार उघडल्याशिवाय नाही."

तर नोकरीत असताना सवडीने आणि निवृत्तीनंतर रोज दुपारी दोनला आतल्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीपाशी टेबलाशी बसून, एक नवा भाजक घ्यायचा आणि एकाहत्तर एकांना भागायचं. कुठले भाजक घेण्यात अर्थ आहे आणि कुठल्यांत नाही, याचा नियम त्यांना माहीत होता, त्यामुळे काम बरंच कमी झालं होतं. तरी चाळीस लाखांच्या पुढे पोचायला पंचवीस वर्षं लागली. भागाकार करताना ते प्रत्येक पायरीला मोठ्याने म्हणत, "एक खाली." वरच्या ओळीतला पुढचा आकडा खाली घेतला, आणि तो नेहमी एकच. चंपाकाकींना गणित येत नव्हतं, पण कान होते. त्रेसष्टाव्या 'एक खाली'ला त्या चहाचं आधण ठेवत. भाजक सात आकडी असला की हिशोब तेवढाच भरायचा.

शेवटी बाकी उरायची. रोज उरायची. गुरुजी वही मिटून म्हणायचे, "उद्या बघू."

२

त्या वर्षी जानेवारीत गुरुजींचे दोन्ही डोळे धुरकट झाले. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, मे महिन्यातल्या शिबिरात काढू. तोवर वाचणं नाही, लिहिणं नाही.

मी रविवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. ते पडवीतल्या खाटेवर पडायचे, मी आतली वही बाहेर आणून त्यांच्यासाठी भागाकार करायचे. 'एक खाली' तेवढं तेच म्हणायचे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी वही उघडली, तर माझ्या गेल्या वेळच्या भागाकारापुढचं पान लिहिलेलं होतं.

अक्षर गुरुजींचं होतं. त्यांचा नऊ, शेपटी डावीकडे वळवलेला. सरळ ओळी, खाडाखोड नाही. भाजक मात्र सात आकडी नव्हता. मी बोट ठेवून मोजला. तीस आकडी होता. खाली पानभर उतरत गेलेला भागाकार, आणि तळाशी बाकी: नऊ.

"गुरुजी, डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय ना?" मी म्हटलं.

"कोण देतंय ताण?"

"हे पान कधी लिहिलंत?"

"कुठलं पान?"

चंपाकाकी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी पण तेच बोलते," त्या म्हणाल्या. "परवा दोन वाजता आत जाऊन बसले. मी मागून ऐकलं ना. ऐकत नायत माझं. आणि मोजणं पण चुकायला लागलंय. पूर्वी त्रेसष्ट व्हायचे, परवा चाळीसच झाले आणि गप्प बसले. माझं आधण राहिलं."

मी मनात मोजलं. एकाहत्तर आकडी संख्येला अशा तीस आकडी भाजकाने भागायचं, तर सुरुवातीलाच एकतीस आकडे घ्यावे लागतात. खाली घ्यायला उरतात चाळीस.

गुरुजी खाटेवर उठून बसले होते. पांढुरक्या डोळ्यांनी ते माझ्याकडे नव्हे, माझ्या बाजूच्या खांबाकडे बघत होते.

"बाय," ते म्हणाले, "महिना झाला, मी त्या खोलीत पाय ठेवलेला नाही."

३

ते पान मी घरी नेलं. भाजकाला भागाकाराने गुणायचं, त्यात नऊ मिळवायचे. एकाहत्तर एक आले पाहिजेत. मला दोन संध्याकाळी लागल्या. आले.

इथे काय झालं होतं ते नीट सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का हादरले ते कळणार नाही. तीस आकडी भाजक घेतला तर बाकीही बहुतेक तीस-एकोणतीस आकडी उरते. नुसती नऊ उरावी, असा भाजक शोधून काढायचा तर तेही जवळजवळ अवयव शोधण्याइतकंच अवघड. मी एम.एस्सी. होते, पहिल्या वर्गात, आणि मला हे जन्मात जमलं नसतं. गुरुजींनाही नाही.

तरीही मी कारणं शोधली. गुरुजींना थोडं दिसत असेल, ते झोपेत उठत असतील, त्यांना स्वतःलाच आठवत नसेल. मुंबईच्या त्या प्राध्यापकांनी नवं पत्र पाठवलं असेल आणि त्यातून उतरवलं असेल. गुरुजी माझी परीक्षा बघत असतील. शेवटचं कारण मला सगळ्यात आवडलं.

पुढच्या रविवारी वहीत आणखी तीन पानं होती. तीन वेगळे भाजक, तिन्ही तीस आकडी. बाक्या: आठ, सात, सहा.

मी त्या खोलीत उभी होते. टेबल, खुर्ची, खिडकीला लोखंडी गज, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात भाताची कणगी. दुपारचं ऊन टेबलावर सरळ पडलं होतं. खुर्चीच्या बैठकीवर मी हात ठेवला. उन्हाने तापली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. मग पाहिलं, तर ऊन खुर्चीपर्यंत पोचलंच नव्हतं.

मी बाहेर आले. बाजारात जाऊन कुलूप आणलं, खोलीला लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. चंपाकाकी म्हणाल्या, "आता तरी आराम करतील."

त्यांना अजून वाटत होतं, आत गुरुजीच बसतात.

४

त्याच्या पुढच्या रविवारी मी कुलूप माझ्या हाताने उघडलं. कुलपावर ओरखडा नव्हता. खिडकीचे गज जागेवर होते. वहीत तीन पानं होती. पाच, चार, तीन.

मी तिथेच जमिनीवर बसले. बाहेरून गुरुजींनी विचारलं, "बाकी किती?"

मी सांगितलं.

खाट करकरली, ते उठून बसले. मग म्हणाले, "बाय, बाक्या अशा उतरत नसतात."

"माहीत आहे, गुरुजी."

"कोणीतरी मुद्दाम उतरवतोय."

ज्या माणसाने छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर घरातले सगळे देव्हारे-अंगारे बाहेर काढले होते, पिंपळावरच्या भुताला बघायला म्हणून आम्हा पोरांना भर अवसेला पिंपळाखाली नेऊन बसवलं होतं, तो माणूस हे म्हणत होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला चला. आजच. शिबिर होईपर्यंत.

"नाही," गुरुजी म्हणाले.

"का नाही?"

चंपाकाकी स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. आता त्यांनाही कळलं होतं.

५

मंगळवारी मी कॉलेजात रजेचा अर्ज दिला आणि बुधवारी एक वाजताच नाचण्याला गेले. आधी कुलूप काढून वही पाहिली. दोन पानं. बाक्या दोन आणि एक. कुलूप पुन्हा लावलं आणि पडवीत गुरुजींच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसले.

मार्चचा मध्य. समोरच्या कलमांना कैऱ्या धरल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चंपाकाकींना मी शेजारच्या सोनूबाईंकडे पाठवलं होतं. गुरुजी उताणे पडले होते, दोन्ही हात पोटावर.

दोन वाजले.

आतून आवाज आला. "एक खाली."

तो गुरुजींचा आवाज होता. घसा किंचित बसलेला, 'खाली'तला 'ली' लांबवलेला. पंचवीस वर्षं मी तो ऐकला होता. आणि गुरुजी माझ्यासमोर पडलेले होते, ओठ मिटलेले.

"एक खाली."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हलेल, आता हलेल. हललं नाही. मग ते अगदी हळू म्हणाले, "तुलापण ऐकू येतंय ना?"

मी मान हलवली. त्यांना दिसत नाही हे आठवून म्हटलं, "हो."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. "तीन आठवडे मला वाटत होतं, डोकं फिरलं माझं," ते म्हणाले. "बरं झालं." आणि लगेच, वेगळ्याच आवाजात: "नाही गो. बरं नाही झालं."

आत पेन्सिल चालत होती. तिची खरखर पडवीपर्यंत येत होती. मी मोजत होते. अकरा. बारा.

"उठा, गुरुजी. आपण जाऊ."

"बस."

"गुरुजी, बाकी एकवर आलीय. आजचा भागाकार..."

"मला कळतंय आज काय आहे." त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "पंचवीस वर्षं, बाय. मी म्हातारा झालो. माझ्या हाताने तो अवयव सापडणार नाही हे मला दहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. तरी बसत होतो. आता कोणाच्या का हाताने होईना, मला उत्तर हवंय."

"ते कोण आहे ते माहीत नाही आपल्याला!"

"उत्तर बरोबर असलं की पुरे."

चोवीस. पंचवीस.

मी मनगट सोडवून घेतलं आणि दाराशी गेले. काय करणार होते मी? वही ओढून घेणार होते, एवढंच मनात होतं. शेवटची पायरी होऊ द्यायची नाही. किल्ली कुलपात दोनदा चुकली. छत्तीस. सदतीस. कुलूप निघालं. मी दार चार बोटं ढकललं.

खुर्चीवर पाठमोरं कोणी बसलं होतं. अंगात पांढरी बंडी. कमरेला निळ्या चौकड्यांची लुंगी, तिला मागे ठिगळ. ते ठिगळ चंपाकाकींनी माझ्यासमोर, गेल्या रविवारी लावलं होतं. मी मागे वळून पाहिलं. खाटेवर गुरुजींच्या कमरेला तीच लुंगी होती.

पुन्हा आत पाहिलं. उजवं कोपर हलत होतं. हात लिहीत होता. पण मान वहीवर वाकलेली नव्हती. ती एका बाजूला कलली होती, दाराकडे. माणूस कान देऊन ऐकतो तशी. ते लिहीत होतं आणि सगळा वेळ आमचं बोलणं ऐकत होतं.

"एक खाली."

चाळीस.

कोपर थांबलं.

"निःशेष," आतला आवाज म्हणाला.

समोरच्या कलमावरून एक कैरी पाचोळ्यावर पडली, तेवढा आवाज झाला. मग आतून, वर्गात हजेरी घेताना गुरुजी विचारायचे तसं, सहज, विचारलं गेलं:

"बाहेर कोण आहे?"

आणि माझ्या मागे खाटेवरून गुरुजींनी ओ दिली.

"मी. राजाराम. राजाराम धोंडू सकपाळ."

६

खोलीत कोणी नव्हतं. दार मी कधी पूर्ण ढकललं ते आठवत नाही. खुर्ची मागे सरकवलेली होती. वही उघडी होती.

मी पान फाडून घेतलं आणि पडवीत धावले. "गुरुजी, सापडला. गुरुजी!"

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. शांत, नम्र चेहरा, बसस्टँडवर अनोळखी माणसाला वाट विचारतात तसा.

"कोणाला हाक मारताय आपण?" ते म्हणाले.

नऊ दिवस ते जगले. बोलता येत होतं, जेवत होते, चालत होते. राजाराम म्हटलं तर वळत नव्हते. गुरुजी म्हटलं तर कोण गुरुजी म्हणायचे. चंपाकाकींना अहो-जाहो करायचे, ताट वाढलं की "आपले उपकार झाले" म्हणायचे. त्या पदराने तोंड झाकून मागच्या दारी जाऊन रडायच्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ झाली असावी. वयाचंही कारण सांगितलं. साठ वर्षांचे होते ते. दहाव्या दिवशी सकाळी उठले नाहीत.

त्या पानावरचा गुणाकार मी करून पाहिला. तीस आकडी भाजक, एकेचाळीस आकडी भागाकार. चार संध्याकाळी लागल्या. शेवटची बेरीज उजवीकडून करत गेले: एक, एक, एक. पंधराव्या-सोळाव्या घरापर्यंत मी प्रार्थना करत होते की एखादा दोन यावा. शून्य यावं. काहीही यावं. डाव्या टोकापर्यंत एकच आले.

मी पान ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. कोणाला दाखवणार होते? कुठून आणलं म्हणून सांगणार होते? आणि एक कबूल करते: त्या घरी मी पुन्हा गेले नाही. चंपाकाकी तिथे एकट्या राहत होत्या हे माहीत असूनही. दर महिन्याला जाईन म्हणायचे आणि नाचण्याच्या फाट्यावरूनच परत फिरायचे.

७

१९८४ साली कॉलेजच्या ग्रंथालयात आलेल्या एका परदेशी नियतकालिकात छोटीशी बातमी होती. एकाहत्तर एकांची संख्या अमेरिकेत फोडली गेली. जगातल्या सगळ्यात वेगवान यंत्राला त्यासाठी काही तास लागले. तिला दोनच मूळ अवयव आहेत. लहान अवयव छापला होता.

२४१५७३१४२३९३६२७६७३५७६९५७४३९०४९.

घरी जाऊन ट्रंक उपसायची गरज नव्हती. मला तो पाठ होता.

मला वाटलं, निदान चंपाकाकींना सांगावं. गुरुजींचं उत्तर बरोबर होतं. जगाच्या दोन वर्षं आधी बरोबर होतं. नाचण्याला गेले तर घराला कुलूप. सोनूबाई म्हणाल्या, काकी आठवड्यापूर्वी भावाकडे गेल्या, गावी. भांडीसुद्धा नेली नाहीत. शनिवारी सकाळच्या एसटीने मी देवरूखला गेले, तिथून चालत वाडीवर.

चंपाकाकी भावाच्या, बाबाजींच्या, अंगणात वाल सोलत होत्या. खूप वाळल्या होत्या. मी बातमी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि शेंगा बाजूला ठेवल्या.

"घर का सोडलंत, काकी?"

"तो आता मोजत नाय, बाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"दोन वर्षं रोज ऐकतेय," त्या म्हणाल्या. "दोन वाजले की आतून विचारतो, बाहेर कोण आहे? ह्यांच्याच आवाजात. मी गप्प बसायची. एकदा ओ दिली तर काय होतं ते बघितलेलं ना मी. वाटायचं, विचारून विचारून थकेल."

"दोन वर्षं? आणि तुम्ही तिथेच राहिलात?"

"आवाज ह्यांचा होता ना गो." त्यांनी डोळे पुसले. "पण मागच्या शुक्रवारी वेगळंच विचारलं. बोलला, भागाकार तपासणारी कुठे राहते?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"सांगितलंत?"

"त्या दिवशी मला ताप होता, बाय. मला क्षणभर वाटलं, हेच विचारतायत. तुझी चौकशी करतायत. सांगून गेले मी." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "घर सांगितलं. परटवण्याला, आईसोबत, एवढंच. मग भान आलं आणि तोंड दाबून धरलं. तुझं नाव नाय सांगितलं. शपथ. नाव नाय दिलं मी त्याला."

८

मला एसटी लगेच मिळाली. देवरूख ते रत्नागिरी दोन तास. त्या दोन तासांत मी स्वतःला सगळी कारणं पुन्हा सांगितली. एकटी बाई, ताप, दोन वर्षांचं दुःख. हातखंब्याला गाडी थांबली तेव्हा माझी जवळजवळ खात्री पटली होती. बसस्टँडवरून रिक्षा केली. चार वाजायला आले होते.

आई पडवीत बसून कुळीथ निवडत होती. सुपात खडे वेगळे काढलेले. नेहमीसारखी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"लवकर आलीस," आई म्हणाली. "बरं झालं. तुझे कोणी सर आलेत."

"कोण?"

"मला काय ठाऊक. मी मागे विहिरीवर होते, येते तर तुझ्या खोलीत आवाज. म्हातारे वाटतात बोलण्यावरून. चहा विचारला तर काही बोलले नाहीत. दोन वाजल्यापासून बसलेत."

माझ्या खोलीचं दार पुढे केलेलं होतं. मी मधल्या पायरीवर होते, आई आणि मी यांच्यामध्ये चार पावलं. मी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण केली. आईला लांबचं नीट दिसत नसे. ती सुपातले कुळीथ चाळवत माझ्याकडे बघून हसली.

आतून गुरुजींनी विचारलं, "बाहेर कोण आहे?"

मी तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. श्वासही घेतला नाही. पायरी चढून तिच्यापर्यंत पोचायला दोन क्षण लागले असते. मी तिसरं पाऊल टाकलं तोवर आईने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि पाहुण्याशी बोलतात तशा अगत्याने म्हणाली,

"विमल आलीय हो. माझी लेक, विमल."

आत खुर्ची मागे सरकली.

आईला ओढत मी रस्त्यावर आणलं. सूप सांडलं, तिच्या पायातली एक वहाण मागे राहिली. त्या घरात आम्ही पुन्हा गेलो नाही. सामान कॉलेजच्या शिपायांनी आणून दिलं. मी चिपळूणला बदली मागून घेतली. इथे एकच खोली आहे, आत-बाहेर असं काही नाही.

आई त्यानंतर दीड वर्ष जगली. सगळं आठवत होतं तिला. माझ्या वडिलांचं नाव, गावातल्या प्रत्येक घराचं नाव, विकलेल्या म्हशीचंसुद्धा. त्या दुपारी दाराकडे बघून सांगितलेलं नाव तेवढं गेलं होतं. माझ्याकडे मात्र ती वाट चुकलेल्या पोरीकडे बघावं तशी बघायची. तिला राग नव्हता, उलट मायाच होती. एका संध्याकाळी मी तिचे केस विंचरत असताना तिने माझा हात थांबवला आणि विचारलं, "बाय, तू कोणाची गो?"

मी सांगितलं, "तुझीच." तिने समजूत काढावी तशी मान हलवली, आणि पुन्हा आरशाकडे तोंड केलं.